वोफा दापा छपरावर

लिफ्ट बसवायला फार तर एक आठवडा लागेल, असं बोआडूला सांगणाऱ्या माणसाचं नाव एबो. आज कुणी बोआडूसमोर हे नाव काढलं, तर तो हातातला पाना खाली ठेवत नाही. उलट घट्ट धरतो.

घानातल्या कुमासी शहरातल्या सुआमे मॅगझिनमध्ये, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, फिटर पैशाला पासरी मिळतात, पण बोआडूच्या हाताला यश होतं. कण्हत आलेली गाडी त्याच्याकडून गुणगुणत जायची. दोष काय तो एकच. हे सगळं तो गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणा पडून करायचा. डोळ्यांत माती, कानात ऑइल, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसायचे ते फक्त त्याचे दोन पाय. तीन गल्ल्या सोडून जुने गिअरबॉक्स विकणारी अचिआ त्या पायांवरूनच त्याला ओळखायची. पुढे तिला बाकीचा बोआडूही आवडला आणि दोघांनी लग्न ठरवलं. मग अचिआची आई, एनो पोकुआ, एक दिवस जावई बघायला गॅरेजवर आली, आणि तिलाही पायच दिसले.

"हा?" एनो मुलीला म्हणाली. "अगं, याला वरचं काही आहे की नाही? माझा जावई लोकांच्या गाड्यांखाली सरड्यासारखा सरपटणार, आणि मी बाजारात काय सांगू? ताठ उभा राहून काम करायला लागला, की मग मागणी घालायला, दार ठोठावायला या म्हणावं. तोवर नाही."

"आई, सगळेच फिटर असं काम करतात."

"मग सगळ्यांशी लग्न करू नकोस."

एनोचा शब्द म्हणजे शब्द. बोआडूने वर्षभर पोटाला चिमटा काढला आणि तेमा बंदरातून दोन खांबांची नवीकोरी हायड्रॉलिक लिफ्ट मागवली. गाडी वर, आपण खाली, आणि तेही ताठ उभे! लाकडी खोके ट्रकमधून उतरले तेव्हा सगळी गल्ली जमली होती. एबो इलेक्ट्रिशियनने खोक्यांभोवती एक फेरी मारली, बोटांनी टकटक केलं आणि म्हणाला, "मास्टर, छोटंसं काम आहे."

पहिल्याच दिवशी ते छोटंसं काम जमिनीत गेलं. खांबांचे बोल्ट ठोकायला एबोने ड्रिल लावलं, तर वरचा सिमेंटचा पापुद्रा फुटला आणि ड्रिल मुठीपर्यंत आत गेलं. खाली जमीन नव्हतीच. वीस वर्षं सांडलेल्या ऑइलचा काळा चिखल होता. मग खणा, उपसा, खडी आणा, काँक्रीट ओता. ओतलेलं काँक्रीट चांगलं मुरेपर्यंत हात लावायचा नाही, असं गवंड्याने बजावलं. हे बोआडूने ऐकलं, एबोने ऐकलं, गल्लीतल्या कोंबड्यांनीही ऐकलं. फक्त वोफा दापांनी ऐकलं नाही.

वोफा म्हणजे मामा. दापा हे बोआडूच्या आईचे थोरले भाऊ आणि अख्ख्या कुळाचे वडीलधारे. तरुणपणी गावच्या गादीसाठी ते भांडले होते आणि हरले होते. तेव्हापासून गादी सोडून बाकी सगळं आपलंच आहे अशा थाटात ते वावरत. कुळातलं बारसं, लग्न, मयत, काहीही त्यांच्या शब्दाशिवाय हलत नसे, आणि त्यांचा शब्द लवकर संपत नसे. नव्या जमिनीला दारूचा नैवेद्य हवाच म्हणून ते बाटली घेऊन आले, पूर्वजांची नावं घेत घेत ओल्या काँक्रीटच्या मधोमध चालत गेले आणि तिथे बाटली रिकामी केली.

"वोफा, पाय!" बोआडू किंचाळला.

"ओरडू नकोस. पणजोबांचं नाव चाललंय."

त्यांच्या चपलेचा एक ठसा डाव्या खांबाच्या जागेशेजारी कायमचा उमटला. तो अजून आहे.

काँक्रीट मुरलं, खांब उभे करायला घेतले, तर ते छपराला लागले. खांब उंच, पत्रा ठेंगणा. एबोने वर बघितलं, हनुवटी खाजवली. "मास्टर, छप्पर थोडं कमी पडतंय."

"माप कुणी घेतलं होतं?"

"खांबांचं मी घेतलं होतं. छपराचं मला कुणी सांगितलंच नव्हतं."

बोआडूने कपाळावर हात मारून घेतला आणि शेजारच्या इसाका वेल्डरला बोलावलं. इसाका म्हणाला, "मास्टर, चांगलं ऐसपैस भोक पाडतो. गाडी वर गेली की टप बाहेर येणार, दारंही बाहेर येणार. जरा हातपाय हलवायला जागा ठेवू."

"ऐसपैस? पावसाळा तोंडावर आलाय बाबा! माझ्या डोक्यावर धबधबा सोडतोस का? माझीच गाडी मापाला धर. तिच्यापेक्षा बोटभरही जास्त कापायचं नाही."

"बोटभर तरी?"

"बरं, बोटभर. दोन नाही."

इसाका मान हलवत वर चढला. सांगितल्या मापात कापण्याबद्दल तो मॅगझिनमध्ये प्रसिद्ध होता. खांबांपुरत्या दोन खाचा पडल्या, आणि गाडीचं भोक असं काटेकोर झालं, की गाडी जणू त्यातूनच कापून काढली असावी.

मग लिफ्टबरोबरचं पुस्तक उघडलं. ते सगळं चिनी भाषेत होतं. एबो चित्रं बघून काम करू लागला. मोटर उलटी फिरली, वायरी बदलल्या. ऑइल भरलं, ते खालून गळलं. सील बदलायचं होतं, ते अचिआने आपल्या दुकानातून शोधून आणून दिलं आणि जाताना म्हणाली, "आई शनिवारची म्हणतेय. आमच्या गल्लीत त्या दिवशी मयतीचा विधी आहे, तिथून दुपारी घरी आली की तुम्ही यायचं. पण तिने विचारलंय, यंत्र चालतंय का?"

"सांग, चालतंय," बोआडू म्हणाला.

"चालतंय?"

"शनिवारपर्यंत चालेल."

"हे बघ, तिला खोटं सांगून मी घरात राहू शकत नाही, आणि खरं सांगितलं तर तू माझ्या घरात येऊ शकत नाहीस. काय ते शनिवारच्या आत कर."

सगळं जुळलं गुरुवारी संध्याकाळी, आणि गुरुवारी संध्याकाळीच दुमसोर सुरू झाला. वीज येते, जाते, पुन्हा जाते, या प्रकाराला आमच्याकडे दुमसोर म्हणतात. यात येण्याचा भाग कमी असतो. शुक्रवार अख्खा कोरडा गेला. शनिवारी सकाळी बोआडूने हात टेकले. यंत्र न चालवताच जायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि एनोने विचारलं तर वोफांना बोलू द्यायचं. वोफा बोलू लागले की मूळ प्रश्न कुणाच्याच लक्षात राहत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

वोफा दापा तयार होऊन वेळेआधीच आले. अंगावर समारंभाचं सोनेरी-हिरवं केंटे वस्त्र, पायात काळ्या चपला, हातात काठी. ते बोआडूच्या गाडीत मागे बसले. मागणीच्या दारूच्या दोन सीलबंद बाटल्या त्यांनी मांडीवर घेतल्या आणि वाटेसाठी आणलेली पाण्याच्या प्लास्टिकच्या पुड्यांची पिशवी शेजारी ठेवली.

"आता ऐक," ते म्हणाले. "तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. आपण दार ठोठावायचं. ते पाणी देतील, आपण प्यायचं. मग ते विचारतील, कशाला आलात. पाण्याआधी कामाचं बोलायचं नाही, आणि पाणी प्याल्यावर काम सांगितल्याशिवाय उठायचं नाही. ठोठावेल तो पाहुणा, पाणी देईल तो यजमान. एवढं सांभाळलं की लग्न झालंच म्हणून समज."

"माहीत आहे वोफा."

"माहीत असतं तर चाळिशीपर्यंत बिनलग्नाचा राहिला असतास का?"

बोआडूने किल्ली फिरवायला हात नेला, आणि गॅरेजमधला पंखा फिरू लागला.

"मास्टर! लाइट!" एबो कोपऱ्यातून ओरडला. "एकदा वर, एकदा खाली. छोटंसं काम आहे!"

खरं तर बोआडूने तेव्हाच गाडी दामटायला हवी होती. पण वर्षभर पोट मारून घेतलेली वस्तू समोर, वीज आलेली, आणि एनोला 'हो, चालतंय' असं छातीठोकपणे सांगता येणार! गॅरेजात आणखी दोन गाड्या होत्या, पण एकीला इंजिन नव्हतं आणि दुसरीला चाकं. चालू गाडी एकच.

"वोफा, पाचच मिनिटं उतरता का?"

"उतरू?" वोफांनी भुवया वर नेल्या. "बाटल्या मांडीवर घेतलेला म्हातारा उतरतो तो मुलीच्या दारातच. मध्येच पाय टेकवला तर मागणी मोडते. तुझ्या बापाच्या वेळी तुझे आजोबा नदीतसुद्धा उतरले नाहीत. त्यांना खांद्यावरून नेलं."

"मग वर जाल गाडीबरोबर!"

"जाईन की. मी काय भितो?"

बोआडूने गाडी दोन खांबांच्या मध्ये घेतली आणि स्वतः उतरला. एबोने लिफ्टचे चारी हात गाडीखाली सरकवले. बोआडूने बटण दाबलं. मोटर घुमली, गाडी थरथरली आणि टक, टक, टक करत वर निघाली. मागच्या काचेतून वोफा हात हलवत होते, हळूहळू, पालखीतून हलवावा तसा. टप भोकातून बाहेर गेला, खिडक्या बाहेर गेल्या. इसाकाचं माप बिनचूक होतं, पत्रा कुठेही घासला नाही. पुस्तकातल्या एका चित्रात गाडीखाली माणूस चेंगरला होता आणि त्यावर लाल फुली होती. म्हणून बोआडूने नीट, शहाण्यासारखं, गाडी खांबांच्या खटक्यांवर टेकवली. आता ऑइल गळो, पाइप फुटो, गाडी तसूभर खाली येणार नाही.

मग तो गाडीखाली गेला आणि ताठ उभा राहिला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने गाडीचं पोट उभ्याने बघितलं. "एबो," तो म्हणाला, "बघ, मी उभा आहे रे."

पंखा थांबला.

"येईल परत," एबो म्हणाला.

"वीज नसली तरी खाली घ्यायचा दांडा आहे ना?"

"आहे की." एबोने दांडा दाबला. काही झालं नाही. त्याने पुस्तक उघडलं, चित्रं चाळली, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "मास्टर, गाडी खटक्यावर आहे."

"मग खटका काढ!"

"खटका काढायला गाडी आधी जराशी वर घ्यावी लागते. वर घ्यायला मोटर लागते. मोटरला वीज लागते."

"म्हणजे खाली यायला आधी वर जायचं?"

"आणि खटक्यावर टेकवली नसती तर आली असती."

बोआडूने त्याच्याकडे असं बघितलं, की एबो दोन पावलं मागे सरला आणि पुस्तक छातीशी धरून उभा राहिला.

मग सुरू झाली धावाधाव. शिडी लावून बोआडू वर गेला, तर दार बोटभराहून जास्त उघडेना. पत्र्याच्या कडेला जाऊन आपटत होतं. बोटभर जागा आणि दोन नाही! "इसाका, पत्रा काप!" इसाका म्हणाला, कटर विजेवर चालतो, आणि हाताची कात्री मेहुण्याने तामालेला नेलीय. थ्री-फेजचा दणकट जनरेटर गल्लीत एकट्या लेथवाल्याकडे होता. आमच्याकडे मयतीचे विधी शनिवारी ठेवतात, त्यामुळे लेथवाला कुलूप लावून मयतीला गेला होता. लहान जनरेटर आणून जोडला, तर त्याने एकदा ठसका दिला आणि मान टाकली.

"वोफा, खिडकीतून बाहेर येता का? आम्ही धरतो!"

वरून काच खाली झाल्याचा आवाज आला. "केंटे नेसून खिडकीतून? चोर आहे का मी? आणि तुला सांगतो, इथून फार छान दिसतंय. मशीद दिसतेय. तो तुझा लेथवाला छपरावर चोरून कांदे वाळवतो, तेही दिसतंय."

तेवढ्यात बोआडूचा फोन वाजला. एनो.

"निघालात का?"

"वोफा गाडीत बसलेत, एनो," बोआडू म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं.

"मग गाडी कुठे आहे?"

"गाडी... जरा उंचावर आहे."

"उंचावर? तुम्ही कुठल्या डोंगरावरून येताय? मशिदीपासून माझं घर सरळ रस्त्यावर आहे. आणि यंत्र चाललं का?"

"चाललं एनो. वर गेलं."

"बरं. माझा भाऊ येऊन बसलाय, जास्त वेळ थांबणार नाही. तो उठला तर मी पुढच्या वर्षाआधी कुणालाही बोलावणार नाही, सांगून ठेवते."

फोन बंद झाला. बोआडूच्या पाचावर धारण बसली. पुढचं वर्ष! आणि पुढच्या वर्षी एनोला आणखी काय सुचेल, कोण जाणे! त्याने खांबाला लाथ मारली, ती त्यालाच लागली. तो लंगडत लंगडत एका जागी फिरू लागला. "छोटंसं काम! छोटंसं काम! एबो, तुझ्या तोंडून हा शब्द पुन्हा निघाला ना, तर तुला त्या दुसऱ्या खांबाला बांधून टाकीन!"

इकडे वर ऊन चढत होतं. वोफांनी थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं, दोनचार ओळखीच्यांना हाका मारल्या आणि मग रोजच्या सवयीने झोपले. त्यांची झोपायची पद्धत अशी, की पाठ ताठ, दोन्ही हात काठीवर आणि डोळे अर्धे उघडे. कुळाच्या बैठकींत ते वर्षानुवर्षं याच पद्धतीने झोपत आले होते आणि कुणाला कळलं नव्हतं.

ही पद्धत आज नडली. शनिवार, मयतींचा दिवस. काळी-तांबडी वस्त्रं नेसलेले घोळकेच्या घोळके मॅगझिनच्या रस्त्याने येत-जात होते. त्यांना काय दिसलं? छपरांच्या वर, भर उन्हात, उत्तम केंटे नेसवलेला, मांडीवर बाटल्या ठेवलेला, ताठ आणि निश्चल बसवलेला एक म्हातारा. आमच्याकडे मोठ्या माणसाचं प्रेत लोकांना शेवटचं बघता यावं म्हणून सजवून बसवतात, हे कुणाला वेगळं सांगायला नको होतं. गाडीतच बसवलंय म्हणजे भाच्याने खर्च केलेला दिसतोय! बायकांनी तोंडात बोटं घातली, पुरुषांनी चपला काढल्या, आणि बातमी पायी चालणाऱ्यांच्या कितीतरी पुढे निघून गेली.

बोआडूला यातलं काही माहीत नव्हतं. आपल्याला रस्त्यावरून लोक 'दुखवटा, दुखवटा' म्हणून का हाका मारताहेत, हे त्याला समजेना. यांना माझ्या लिफ्टचं कळलं वाटतं, असं म्हणून तोही मान डोलवत राहिला. आणि मग गल्लीच्या तोंडाशी जोरदार रडण्याचा आवाज आला.

पुढे एनो पोकुआ, काळं वस्त्र, डोक्याला तांबडा फडका, दोन्ही हात डोक्यावर. मागे तिचा भाऊ, आणि त्याच्यामागे अचिआ, रडून खरोखरच डोळे सुजलेली. एनोच्या रडण्यात दुःख होतं, पण कुळातला वडीलधारा गेला म्हणजे लग्न निदान वर्षभर लांबलं, हा जरासा दिलासाही होता.

"अहो दापा! अहो, गेलात का हो! दार ठोठावायच्या आधीच गेलात का हो!" एनो थेट लिफ्टपाशी आली आणि शोकाच्या भरात तिने छपराच्या कडेलगतच्या खांबावर मूठ आपटली. खण! खण! खण!

"कोण आहे?" वरून आवाज आला.

एनोची मूठ हवेतच राहिली. तिच्या भावाने चपला उचलल्या आणि तो पळायच्या बेतात होता, त्याला अचिआने धरलं.

"कोण आहे ते विचारतोय!"

"वोफा!" बोआडू खालून ओरडला. "एनो आल्यात! त्यांना वाटलं तुम्ही गेलात!"

"कुठे?"

"वरती!"

"मग वरतीच आहे की!" मग वोफांच्या लक्षात आलं. "मी मेलोय? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

आता एनोच्या तोंडाचा पट्टा सुटला. "म्हाताऱ्या! भर उन्हात मी मशिदीपासून रडत आले! माझा घसा सुकला! अर्ध्या मॅगझिनने माझे अश्रू बघितले! आणि तू तिथे हवा खात बसलायस? आणि हा? हा म्हणाला, यंत्र चाललं!"

"वर गेलं असंही म्हणालो होतो एनो," बोआडू कसाबसा पुटपुटला.

"घसा सुकलाय ना?" वोफांचा आवाज अचानक मधासारखा गोड झाला. "पोकुआ, इतक्या लांबून आलीस. आधी पाणी घे."

पत्र्याच्या पन्हाळीतून सळसळ करत पाण्याची एक पुडी घसरत आली आणि कडेवरून एनोच्या हातात पडली. एनो तापलेली होती, दमलेली होती, रडून कोरडी पडलेली होती. तिने दातांनी कोपरा तोडला आणि पुडी एका दमात रिकामी केली.

वरून काठी आपटल्याचा आवाज आला. "फिटर लोक हो, तुम्ही साक्षीदार आहात! पोकुआ माझ्याकडे आली. तिने ठोठावलं. मी विचारलं कोण. मी पाणी दिलं, ती प्याली. आता पोकुआ, आमचं इकडे सगळं क्षेमकुशल आहे. तू कशाला आलीस ते सांग."

जमलेल्या फिटरांत हशा पिकला. एनो हातातल्या रिकाम्या पुडीकडे बघत राहिली. आपण काय करून बसलो ते तिला एका क्षणात कळलं. पाणी प्याल्यावर काम सांगितल्याशिवाय जाता येत नाही, आणि वडीलधारा जिवंत असताना 'दुखवट्याला आले' असं सांगताही येत नाही. राहिलं एकच काम. म्हणजे मुलीच्या आईनेच मुलाला मागणी घालायची!

"मी सांगणार नाही," एनो म्हणाली.

"मग बस तिथेच. मलाही घाई नाही."

अचिआ तोंडावर वस्त्र धरून हसत होती. तिच्या आईने तिच्याकडे बघितलं, तशी ती आणखीनच हसू लागली. आणि तेवढ्यात पंखा फिरला.

बोआडूने बटणाकडे झेप घेतली. गाडी केसभर वर, खटके सुटले, दांडा दाबला. आणि वोफा दापा सावकाश, हात हलवत, माणसांत उतरले. ते उतरवू नकोस म्हणून वरून ओरडत होते, पण बोआडूने ऐकलं नाही. गाडी जमिनीला टेकली तसा त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने दार उघडलं. "वोफा, आता आपण सगळे मिळून एनोंच्या घरी जाऊ, आणि रीतीने—"

"थांब." एनो पुढे झाली. तिने वोफांच्या मांडीवरच्या बाटल्या उचलल्या आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिल्या. "उतरा तुम्ही."

"मी मुलीच्या दारातच उतरतो."

"मुलगी इथे उभी आहे, मुलीची आई इथे उभी आहे. याहून वेगळं दार कुठून आणू? उतरा!"

वोफांनी दुसऱ्याचं ऐकलं. असं आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच झालं. ते उतरले. एनो वस्त्र सावरून त्यांच्या जागी बसली, पाण्याची पिशवी मांडीवर घेतली आणि दार लावून घेतलं.

"बोआडू, वर घे मला."

"एनो, कृपा करा, तो खटका—"

"खटक्यावरच ठेव. मी म्हणेपर्यंत काढायचा नाही. यंत्र चालतं की नाही ते मला बघायचंय ना? घे वर!"

टक, टक, टक. एनो पोकुआ छपराबाहेर गेली. पंखा फिरत होता, वीज होती, सगळं ठीक होतं. थोड्या वेळाने वरून आवाज आला, "वा! इथे तर कुणाचे कांदे वाळताहेत." आणि मग, "आता हे माझं घर. ज्याला काही मागायचं असेल त्याने ठोठावावं."

वोफा दापांनी बाटल्या सावरल्या. चेहऱ्यावर हार नव्हती, पण काठी उचलून त्यांनी खांबावर ठोठावलं. खण, खण, खण.

"कोण आहे?"

"दापा आणि मंडळी."

पत्र्यावरून सळसळत पाण्याची पुडी आली. वोफांनी ती झेलली, आणि हातात धरून उभे राहिले.

"प्या ना वोफा," बोआडू म्हणाला.

"नाही. हिने माझं पाणी प्यायलंय, अजून काम सांगितलं नाही. आधीची पाहुणी ती आहे. मी हे पाणी प्यालो तर आधीची साक्ष बुडाली."

"वोफा, पाया पडतो तुमच्या."

"रीत म्हणजे रीत!"

"मला ऐकू येतंय!" वरून एनो गरजली. "तो पिणार नसेल तर मीही उतरणार नाही! माझ्याकडे अख्खी पिशवी आहे!"

बोआडूने वोफांकडे बघितलं. पत्र्यातल्या भोकाकडे बघितलं. एबोकडे बघितलं, तर तो तोंड उघडायच्या बेतात होता. "गप्प बस," बोआडू त्याला म्हणाला. गेल्या महिन्याभराचा चिखल, काँक्रीट, पत्रा, वायरी, दुमसोर, सगळं त्याच्या टाळूपर्यंत आलं होतं, आणि पहाटेपासून त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब गेला नव्हता. त्याने वोफांच्या हातातली पुडी हिसकावली, कोपरा तोडला आणि सगळ्या फिटरांच्या देखत घटाघटा पिऊन टाकली.

"अरे! अरे, काय करतोस!" वोफा किंचाळले. "मुलाने बोलायचं नसतं!"

"पाणी मी प्यायलोय. आता मीच सांगतो, मी कशाला आलोय." त्याने तोंड पुसलं, गाडीखाली गेला आणि छपराच्या भोकाखाली ताठ उभा राहिला. "एनो! मी बोआडू फिटर! मी उभा आहे! आणि मला अचिआशी लग्न करायचंय!"

अचिआने डोळे पुसले आणि ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, वोफांच्या चपलेच्या ठशावर.

वर गाडीची काच थोडी आणखी खाली झाली.

"मोठ्याने बोल," एनो म्हणाली. "बाजारातल्या बायकांना ऐकू गेलं नाही."